साहेब अजून आत आहेत

साबणाच्या कारखान्यात त्याला होयबा म्हणत. मान डोलावणारा माणूस तो नव्हता. कढईखात्याचा मुकादमसुद्धा त्याच्याशी जरा जपूनच बोले. नाव पडलं ते रोज सकाळी एक बटण दाबण्यामुळं.

बटण संगणकाच्या खोलीत होतं. संगणक जुना, दोन लोखंडी कपाटांएवढा. त्या जातीच्या यंत्राला मिनी म्हणतात. तो आणला तेव्हा उतरवून घ्यायला अख्खं लोडिंगखातं लागलं होतं, आणि त्यातला एकजण अजून कंबर धरून चालतो. मिनी हे नाव ठेवणाऱ्यानं तो उचलला नसणार.

हे यंत्र कारखान्याचा भोंगा वाजवी. भोंग्याचा प्रोग्राम मोठ्या साहेबांनी लिहिला, आपल्या टर्मिनलवरून चालू केला आणि निवृत्त झाले त्या दिवशी लॉगआऊट न करताच घरी गेले. लॉगआऊट केलं असतं तर त्यांच्या नावाखाली चालणारा भोंगाही बंद पडला असता. पासवर्ड त्यांनी कुणाला सांगितला नाही. पुढं ते वारले. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, साहेब मात्र यंत्रात राहिले.

यंत्राला याची कल्पना नव्हती. रोज सकाळी भोंग्याआधी ते पडद्यावर विचारी : तुम्ही अजून आहात का? उत्तर आलं नाही तर ते साहेबांना बाहेर काढणार, त्यांच्या मागोमाग भोंगा जाणार, आणि अख्खं गाव भोंग्यावर घड्याळं लावणारं. म्हणून होयबा रोज, रविवार धरून, साहेबांच्या खुर्चीत बसे आणि वाय, म्हणजे येस, दाबी. अंगात ताप असला तरी. मेहुणीच्या लग्नाला तो जेवणं उरकल्यावर पोचला. ती अजून त्याला ‘या उशीरराव’ म्हणते.

एकदा त्यानं गेटवाल्याला त्या खुर्चीत बसवून पाहिलं. गेटवाला सरळ माणूस. त्यानं प्रश्न नीट वाचला.

“साहेब तर वारले की,” तो म्हणाला आणि बोट एनकडं नेलं.

होयबानं त्याचं मनगट वरच्या वर धरलं. “अरे, विचारलंय त्याला हो म्हण.”

“खोटं कसं बोलू? खांदा दिलाय मी त्यांना.”

त्यानंतर होयबानं दुसऱ्या कुणाचं बोट तिथं लागू दिलं नाही.

हे सगळं चाललं असतं. पण परगावी मुलीला मुलगी झाली. बसनं जायलाच पुरती एक रात्र लागे. सकाळचं बटण दाबून जायचं आणि दुसऱ्या सकाळी परत खुर्चीत बसायचं, हे कुठल्याच गणितात बसत नव्हतं. बायको दोनदा जाऊन आली. होयबा एकदाही नाही. नात पालथी पडली, रांगली, हे त्याला फोनवर कळलं.

“आता धरून उभी राहते,” मुलगी म्हणाली. “बाबा, चालायला लागायच्या आत या हो. नंतर ती तुमच्यासाठी थांबायची नाही.”

त्याच आठवड्यात हेड ऑफिसच्या इंजिनीअर मॅडम टेप घेऊन आल्या. टेपवर टूलकिट होतं, म्हणजे छोट्यामोठ्या प्रोग्रामांचं गाठोडं.

“आम्हाला फक्त रोजचा रिपोर्ट हवाय,” मॅडम म्हणाल्या. “बाकी सटरफटर आहे. ठरल्या वेळी एखादं काम आपोआप करणं, यंत्रानं प्रश्न विचारला तर उत्तर देणं.”

होयबाचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. “कसले प्रश्न?”

“कसलेही. हो, नाही, असले.”

टूलकिट बसवणारा प्रोग्राम, इन्स्टॉलर, त्याच टेपवर होता. तो चालू केला. यंत्रानं उत्तर दिलं : आधी सगळ्यांनी बाहेर जावं, भोंगा अजून आत आहे. मॅडमना हसू आलं. मग होयबानं साहेबांची हकिगत सांगितली, तेव्हा त्या हसायच्या थांबल्या.

“मग हातानं बसवा,” त्या म्हणाल्या. “इन्स्टॉलर म्हणजे तरी काय, कुणीतरी ओळीनं लिहून ठेवलेली कामं. कागदावर छापून घ्या, सगळ्यांना बाहेर काढायची ओळ गाळा, बाकी सगळ्या साहेबांच्या टर्मिनलवरून टाइप करा. साहेबांना सगळे अधिकार आहेत. पण अर्धवट सोडू नका. अर्ध्या टूलकिटपेक्षा नसलेलं बरं.”

रविवारी कारखाना बंद. होयबानं बायकोला बरोबर घेतलं. ती घरी शिवणकाम करी.

“मला काय कळतंय त्यातलं?”

“अक्षरं कळतात ना? मी कागदाकडं बघू की बटणांकडं?”

ती साहेबांच्या शेजारी, म्हणजे होयबाच्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि वाचू लागली.

“डॉलर. सी, ओ, पी, वाय. परत डॉलर. अहो, प्रत्येक ओळीला डॉलर आहे. हे सगळे जातात कुठं?”

“ओळ इथून सुरू होते एवढीच ती खूण.”

“मग नवी ओळ म्हणते. उगीच आशा लागते.”

काम सोपं नव्हतं. टेपवरची फाईल डिस्कवर घ्यायची, उघडायची, तिच्या जागी ठेवायची, साहेबांच्या मालकीची करायची, कुणी वाचावी आणि कुणी हात लावू नये ते सांगायचं. मग पुढची. बटणं जुनी, तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उठत नसे. दुपार होईतो होयबाचे खांदे भरून आले आणि मानेला रग लागली. बसून करायचं काम म्हणून हिणवणाऱ्यानं त्या खुर्चीत बसून दाखवावं.

मध्येच यंत्र म्हणालं, जागा संपली. या यंत्राची रीत अशी की फाईल दुरुस्त केली तरी जुनी प्रत टाकायची नाही. नव्या प्रतीला पुढचा आकडा द्यायचा, जुनी मागं तशीच ठेवायची.

“म्हणजे तुमच्यासारखंच,” बायको म्हणाली. “विरलेले शर्ट खाली, नवे वर.”

“ते रंगकामाला लागतात.”

“घराला रंग कधी लागला?”

होयबानं भोंग्याच्या जुन्या प्रती पुसायला घेतल्या. प्रत्येकीचा आकडा बोट ठेवून वाचला. शेवटची तेवढी राखली.

अगदी शेवटची आज्ञा भोंगा टूलकिटच्या हवाली करायची होती. ती मॅडमनी कागदाच्या तळाशी दोन ओळींत लिहून दिली होती. पहिल्या ओळीत भोंगा वाजव. दुसरीत सकाळी, दर कामाच्या दिवशी. पहिल्या ओळीच्या टोकाला एक आडवी रेघ होती : बोलणं संपलं नाही, खालची ओळही वाच, असं यंत्राला सांगणारी. पण उभा जन्म शिवणात गेलेल्या बाईला टोकाला लोंबणारं काही सहन होत नाही. तिनं ती रेघ दोऱ्यासारखी कापून टाकली. म्हणजे वाचलीच नाही. यंत्राला वाटलं, एवढंच काम आहे. भोंगा वाजला.

गाव जेवून आडवं झालं होतं. थोड्या वेळात फाटकापाशी माणसं जमू लागली. पॅकिंगच्या बाया ओल्या केसांनी आल्या, मुकादम एक बाही घालून, दुसरी घालत. गेटवाल्यानं फाटक उघडलं.

“अहो, आज रविवार आहे,” होयबा खिडकीतून म्हणाला.

“मग भोंगा कसा झाला?” मुकादम.

“चुकून.”

“भोंगा चुकत नाही. चुकतं ते घड्याळ,” असं म्हणून मुकादमानं कढयांखाली आग लावली. दुपारभर लोक कुरकुरत साबण करत राहिले. संध्याकाळी मॅनेजरनं उद्याची सुटी जाहीर केली.

“माझ्यामुळं झालं का हे?” बायकोनं विचारलं.

“रेघ खाल्लीस.”

“मला वाटलं राहून गेलीय. आता परत सांगते, रेघेसकट.”

त्यांनी ती आज्ञा नव्यानं दिली. तिच्याखाली होयबानं स्वतःची एक ओळ घातली : सकाळी विचारलं की हो म्हणायचं.

सोमवारी दोघं यंत्रापुढं हात मागं बांधून उभी राहिली. प्रश्न आला. क्षणभरानं शेजारी वाय उमटला. होयबाला जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकल्यासारखं झालं. मग भोंगा वाजला, आणि सुटी असूनही सगळे कामावर हजर झाले. मॅनेजरचा शब्द भोंग्यापुढं टिकला नाही.

मॅडमचा फोन आला. “रिपोर्ट पोचला. छान. पण साहेबांच्याच नावानं आलाय.”

“त्यांनीच बसवलंय सगळं.”

“मग आता खात्याचे मुख्य तेच दिसतात. रजा हवी असेल तर त्यांच्याकडून मंजूर करून घ्या.”

होयबानं आपल्या टर्मिनलवर अर्ज लिहिला. मग उठून साहेबांच्या खुर्चीत बसला आणि तो वाचला. साहेब काम तपासल्याशिवाय कुणाला सोडत नसत. त्यानं सगळ्या फायली पुन्हा पाहिल्या. एक कुणीही पुसावी अशी उघडी राहिली होती.

“काय म्हणाले?” बायकोनं विचारलं. ती पिशवी घेऊन दारातच उभी होती.

“नामंजूर. काम अपुरं.”

“बरोबर आहे त्यांचं. पुरं करा आणि परत द्या.”

त्यानं फाईल बंद केली, अर्ज परत दिला, परत खुर्ची बदलली.

“आता काय म्हणतात?”

“वाचताहेत.”

“बसची वेळ कानावर घाला त्यांच्या.”

रजा मंजूर झाली. तुमच्या जागी कोण, असा रकाना होता. खात्यात दोघंच होते. होयबानं मोठे साहेब लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या घरी पोचल्या पोचल्या, बूट न काढताच, त्यानं कारखान्याच्या गेटवर फोन लावला. नात पलंग धरून उभी होती आणि या नव्या माणसाकडं संशयानं बघत होती.

“भोंगा झाला का?”

“झाला की, वेळेवर,” गेटवाला म्हणाला. “तुम्ही नाही, मग खोलीत कोण आहे?”

“साहेब.”

“मग कुलूप काढून ठेवू का?”

“नको. दिवा लाव तेवढा,” होयबा म्हणाला आणि घाईनं फोन ठेवला, कारण नातीनं पलंग सोडला होता.