चार फरशा, तीन सह्या

मी भित्री आहे. हे कळायला मला हॅम्बर्गला यावं लागलं, आणि तेही चार फरशांपायी.

आमच्या समोरच्या दारी एक पोर्तुगीज आजी राहायच्या. आम्ही नवरा-बायको दोघंही ऑफिसात, म्हणून शाळेतून आलेल्या आमच्या लेकीला संध्याकाळपर्यंत त्याच सांभाळायच्या. लेक त्यांना ओमा म्हणायची, जर्मनमध्ये आजी. त्यांच्या दाराशेजारी, जिन्याच्या भिंतीवर, चार फरशा जोडून केलेलं चित्र होतं. पांढऱ्यावर निळ्या रंगात एक संत, कडेवर बाळ. आजींचे वडील लिस्बनला फरशा रंगवायचे, त्यांच्या हातचं ते. तिकडे घराबाहेर असा संत लावतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची राखण करायला. लग्न होऊन इकडे येताना आजींनी त्या फरशा स्वेटरांत गुंडाळून आणल्या होत्या. शाळेत जाताना माझी लेक रोज त्या फरशांना हात लावून जायची.

मग बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगचं पत्र आलं. जिन्याची भिंत सगळ्यांची आहे. मजल्यावरच्या तिन्ही घरांच्या सह्या असतील तर फरशा राहतील, नाहीतर काढाव्या लागतील. कधी कोणाला हॅलो न म्हणणाऱ्या पलीकडच्या बाईनंसुद्धा सही केली. राहिलो आम्ही.

आम्ही नेमका तेव्हाच त्याच लोकांकडे मोठा फ्लॅट मागितला होता. नवरा म्हणाला, कशाला नसती भानगड? मीही लगेच मान डोलावली. आजी कागद घेऊन आल्या की मी कधी मीटिंगचं, कधी पाहुण्यांचं निमित्त काढायची. वर त्याच आठवड्यात फोनवर बहिणीला हसत हसत सांगितलं, "अगं, आपल्याकडे जिन्यात देवांच्या फरशा लावतात ना, लोकांनी पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून? तसलंच प्रकरण. पण इथे मेलं थुंकतंय कोण?"

लेक शेजारीच चित्र रंगवत बसली होती. ती उत्तरं जर्मनमध्ये देते, म्हणून तिला मराठी कळत नाही असं आम्ही धरून चालतो. आम्ही शहाणे ना!

दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेले, तर आजींनी दारातच विचारलं, "तुमच्याकडे देवाला थुंकायच्या जागी उभं करतात?"

मी ततपप करत सांगितलं, की तसं नाही हो, देव असला की तिथे कोणी थुंकत नाही.

"म्हणजे तोही राखणच करतो," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी नवऱ्यावर खेकसले, खड्ड्यात गेला तो फ्लॅट म्हटलं, आणि पेन घेऊन समोरची बेल दाबली. मुदत संपली होती, कागद सकाळीच गेला होता. आजींनी त्याची प्रत दाखवली. आमच्या घराच्या ओळीत, वाकड्यातिकड्या अक्षरात, माझ्या लेकीचं नाव होतं. सात वर्षांच्या पोरीची सही कोण धरणार? लाजेनं मला वर बघवेना. दुसरा कागद करा, मी आत्ता सही करते, असं मी म्हटलं.

"कशाला?" आजी म्हणाल्या. "तुमच्या घरात जिला करावीशी वाटली, तिनं केली."

पुढच्या महिन्यात कारागीर आला. काढताना एक फरशी फुटली.

मोठा फ्लॅट आम्हाला मिळाला.