मोतालेब सरांची साडेचारची लाँच

मोतालेब सरांनी एकतीस वर्षं धलकाठीच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर न बघता जगाचा नकाशा काढायचे. पण स्वतः बोरिशाल शहराच्या पलीकडे फारसे कधी गेले नव्हते. आधी बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, मग शाळा. निवृत्त झाले तेव्हा गुडघे कुरकुरायला लागले होते.

श्रावणात, पेरूचा बाजार ऐन भरात असताना, लाँचमधून एक गोरा पोरगा उतरला. पाठीवर त्याच्याच उंचीची पिशवी. या देशात कुणी हिंडायला येत नाही, म्हणूनच आलो, म्हणाला. नाव तावी, गाव एस्टोनियात. धक्क्यावरच्या काशेमच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांनी सरांना पुढे केलं.

"एस्टोनिया? राजधानी टॅलिन," सर इंग्रजीत म्हणाले.

पोरगा खूश झाला. सरांनी मनात ठरवूनही टाकलं, याला आपण गाव दाखवायचं. तेवढ्यात होडीतून पेरू विकणाऱ्या सुबल हालदारने हाक मारली, हातातला पेरू उंच धरला, आणि पोरगा टुणकन होडीत.

सुबल अंगठेबहाद्दर. त्याला इंग्रजी येईना, पोराला बंगाली येईना. तरी तीन दिवस दोघं कालव्या-कालव्यांतून खिदळत फिरले. पोरगा सुबलकडेच जेवला, सुबलची लुंगी नेसून धक्क्यावर आला. सरांच्या घरी त्याच्यासाठी हिलसा मासा आणून ठेवला होता, तो बायकोने शेवटी शेजारी वाटला.

"मास्तर, तुमचा पाहुणा पळवला की हो सुबलने!" काशेम म्हणाला.

"मला काय करायचंय?" सर म्हणाले. पण चहा कडू लागला.

तिसऱ्या संध्याकाळी सुबल टपरीवर सांगत होता, "अरे, त्यांच्याकडे थंडीत समुद्र गोठतो! वरून मोटारी जातात. मोबाइलवर फोटो दाखवला त्याने. सर, तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा."

सरांना ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं, आणि समुद्रावरून मोटारी जातात हे एका होडीवाल्याने सांगावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तावीने त्यांना सुबलच्या देखतच विचारलं, झालोकाठी शहराला जाणारी लाँच किती वाजता?

लाँच तीनची. सर म्हणाले, "साडेचार." आणि सुबलकडे वळून बंगालीतही तेच म्हणाले. सुबलने नुसती मान डोलावली.

चार वाजता दोघं आले. धक्का रिकामा. लोकांनी सुबलला धारेवर धरलं. "चाळीस वर्षं धक्क्यावर काढलीस, साधी लाँचची वेळ कळेना? पाहुण्याची लाँच चुकवलीस की!" सुबल मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच माझं. वल्हवत नेतो त्याला." ओहोटीच्या उलट, अडीच-तीन तासांचं काम.

सरांना बसवेना. काठी टेकत ते होडीपाशी गेले.

"सुबल, मी मुद्दाम चुकीची वेळ सांगितली."

"ठाऊक आहे, सर."

"मग तीनला का नाही आणलंस त्याला?"

"परक्या माणसासमोर तुम्हाला खोटं पाडू? माझा पोरगा तुमच्यामुळे मॅट्रिक झाला." सुबलने दोरी सोडली. "तुम्ही एवढे जळत असाल असं नव्हतं वाटलं, इतकंच."

सर लुंगी खोचून होडीत चढले आणि दुसरं वल्हं हातात घेतलं.

"अहो, पाणी मागे ढकलायचं, ढवळायचं नाही! डाळ शिजवताय का?" सुबल ओरडला. तावी पोट धरून हसला. काय झालं ते सरांनी त्यालाही इंग्रजीत सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि त्यांच्यापुढे कुरमुऱ्यांची पुडी धरली.

झालोकाठीला समुद्रकाठच्या कुआकाट्याची बस उभी होती. पोराने सुबलला कडकडून मिठी मारली, सरांशी नुसता हात मिळवला. तेवढंही सरांना खुपलंच. मग पोराने दोघांना विचारलं, येता का समुद्रावर?

"माझे पेरू सडतील," सुबल खुणेने म्हणाला.

सर मात्र अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढले. "घरी सांग रे!" एवढंच खिडकीतून ओरडले.

तिसऱ्या दिवशी परतले ते उन्हाने काळवंडून, चपलांत वाळू घेऊन. बायको दोन दिवस बोलली नाही. टपरीवर मात्र गर्दी जमली. पोराने वाळूत तंबू कसा ठोकला, पहिल्या लाटेने चष्मा कसा नेला, सर सांगत सुटले. सुबल कोपऱ्यात ऐकत होता. चहा अर्धा टाकून उठला आणि पुढे दोन दिवस टपरीवर फिरकलाच नाही.

"सुबलला काय झालंय?" काशेमने विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटत होती. तिसऱ्या दिवशी ते सुबलच्या दारात गेले.

"पेरू संपले की समुद्रावर जाऊ. दोघं."

सुबल जाळं शिवत होता. वर न बघताच म्हणाला, "आणि तुम्हीच तिकडे वाट दाखवणार, नाही का?"

"मीच दाखवणार," सर म्हणाले.