दत्ताची मंजुरी

दत्ता गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली आणि पहिल्या वाचनात मला कळलीच नाही. 'एक द्रष्टे नेतृत्व आज आपल्यातून हरपले' अशी सुरुवात, खाली तीन सुबक परिच्छेद, प्रत्येकात एकदा 'प्रेरणास्थान', आणि शेवटी जोडलेले हात. नाव होतं दत्तात्रय रामचंद्र कोळपे. असा कुणी आमच्यात आहे हेच आठवेना. मग ऑफिसखालच्या चहावाल्या मामांचा फोन आला. "मॅडम, आपला दत्ता गेला वो. दौंडला, घरीच. छातीत कळ आली म्हंत्यात." तेव्हा कुठं ती बातमी झाली... ग्रुपवरचा मजकूर एआयच्या यंत्राचा होता हे उघड होतं. पुण्याच्या साहेबांनी एका ओळीत सांगितलं असणार आणि यंत्रानं ती ओळ आज्ञाधारकपणे फुगवली असणार. त्यात चूक एकही नव्हती. दत्ताही नव्हता.

आमची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. साहेब पुण्यात बसतात, काम शिरूरमध्ये होतं, खतांच्या दुकानाच्या वर. तिथल्या टीमचा प्रमुख दत्ता. मूळचा भांडगावचा. बायको दौंडला रेल्वेच्या सिग्नल विभागात, म्हणून घर दौंडला, आणि हा रोज मोटरसायकलवर शिरूरला. त्याचे आजोबा मेंढरं राखायचे. नेतृत्वावरच्या प्रशिक्षणाला आम्हाला एकदा पुण्याला नेलं होतं, तेव्हा तिथल्या पाहुण्यानं विचारलं, "तुम्ही लीडरशिप कुणाकडून शिकलात?" दत्ता म्हणाला, "आमच्या आबांकडनं. कळप मोठा होता, पण मीटिंग नव्हती." पाहुण्यानं ते लिहून घेतलं.

मी तिथं माहितीपुस्तिका लिहिते, त्यामुळे आमची मैत्री भांडणातून झाली. हा माणूस काही लिहूनच ठेवायचा नाही. कुठला निर्णय का घेतला, कुठं काय जपायचं, सगळं डोक्यात. मी चिडायचे. "उद्या तू नसलास तर?" असंही एकदा म्हणाले होते, बोलण्याच्या ओघात. "तवा तुम्ही हाय की," म्हणाला. आता मी आहे, आणि निम्म्या गोष्टी कुणालाच माहीत नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात. मला अजून राग येतो त्याचा. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जा, असं त्याच्या बायकोनं किती वेळा सांगितलं होतं... तेही त्यानं डोक्यातच ठेवलं.

कोड लिहून देणारी यंत्रं आली तेव्हा टीममधले सगळे हरखले. दत्तानंही ती वापरायला कुणाला अडवलं नाही, स्वतः भरपूर वापरली. अट एकच. कोड यंत्राचा असो की तुझा, माझ्या शेजारी येऊन बसायचं, स्क्रीनकडे पाठ करायची आणि तो काय करतो ते तोंडानं सांगायचं. सांगता आलं तर मंजूर. प्राजक्ता केंदूरची, टीममधली सर्वांत चलाख. तिनं एकदा यंत्राकडून नोंदींचा भाग लिहून आणला, चाचण्या सगळ्या पास.

"बोल," दत्ता म्हणाला.

"एकाच सभासदाच्या एका सकाळी दोन नोंदी आल्या, तर दुसरी ही पहिलीची दुरुस्ती धरायची आन् पहिली पुसायची."

"का?"

"यंत्र म्हणतं, डुप्लिकेट असत्यात."

"यंत्राचं न्हाई विचारलं. तुझं सांग."

प्राजक्ता सांगू लागली आणि मध्येच थांबली. "अगं बाई! आमच्या घरनं गाईचं आन् म्हशीचं दोन्ही दूध जातं. एकाच नंबरावर." म्हणजे त्या कोडनं तिच्याच आईची गाय रोज सकाळी पुसली असती. दत्ता हसला नाही. "जा, नीट करून आण," एवढंच म्हणाला.

या पद्धतीला वेळ लागे. साहेबांना वेळेचा त्रास होई. "दत्ता, आता सगळीकडे वेग वाढलाय," ते फोनवर म्हणत. "आपल्याकडं पण वाढलाय की सर," हा म्हणे, "चुका पण त्याच वेगानं येत्यात." साहेब याला 'बदलाला विरोध' म्हणत. मग एखादा नवा तक्ता येई, एखादं व्याख्यान होई, आणि दत्ता परत कुणाला तरी शेजारी बसवून घेई.

तो गेल्यावर काही आठवड्यांतच साहेबांना दत्ताचं ज्ञान जपायची निकड वाटू लागली. जिवंतपणी जे अडथळा होतं ते आता वारसा झालं. ठरलं असं, की त्यानं वर्षानुवर्षं कोडखाली लिहिलेले सगळे शेरे यंत्राला शिकवायचे आणि पुढची मंजुरी त्या यंत्रानं द्यायची. खाली नाव यायचं दत्ताचं, फोटोसकट. म्हणजे त्याच्या नावावर गावोगावी कोड जाणार, आणि तो कुणीच पाहिलेला नसणार. फक्त वहिनींची परवानगी हवी होती. साहेब मला सोबत घेऊन दौंडला निघाले. मी गेले, कारण ते एकटे गेले असते तर त्यांनी वहिनींना 'द्रष्टे नेतृत्व' ऐकवलं असतं. त्यांनी ते ऐकवलंच.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी हे आता हापिसात बोलणार? घरात तर कवा बोलले न्हाईत."

साहेबांनी लॅपटॉप उघडला आणि प्राजक्ताचा एक ताजा कोड यंत्रापुढं ठेवला. उत्तर आलं: 'ये.' साहेब हसले, पुन्हा दाबलं. 'ये. बोलू.' तिसऱ्यांदा पुन्हा 'ये.' मग मलाच सांगावं लागलं. दत्तानं आयुष्यभर कोडखाली दुसरं काही लिहिलंच नव्हतं. जे सांगायचं ते शेजारी बसवून सांगितलं. यंत्र बिचारं तेवढंच शिकलं.

वहिनींनी पुढं वाकून तो शब्द वाचला. मग म्हणाल्या, "कुठं यायचं, विचारा की त्याला."

साहेबांनी खरंच टाईप केलं. उत्तर झटक्यात आलं: 'नमस्कार! मी आपली कशी मदत करू शकतो?'

वहिनींनी साहेबांना विचारलं, "चूक झाली तर लोकं शिव्या कुणाला घालणार?"

"तशी जबाबदारी प्रणालीची..."

"नाव तर ह्यांचं हाय."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"मग न्हाई. न बघता त्यांनी कवा मंजूर केलं न्हाई. आता कशाला करतील? चहा ठेवते, बसा."

परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, "साहजिक आहे, भावनिक आहेत त्या." मी म्हटलं, "भावनिक नाहीत, सिग्नल विभागात आहेत."

यंत्र बसलंच. दत्ताऐवजी त्याला दुसरं गोंडस नाव दिलंय, शेरे बाहेरून आणलेत, आणि ते क्षणात मंजुरी देतं. साहेब खूश आहेत. टीमप्रमुख आता प्राजक्ता आहे, आणि यंत्रानं मंजूर केलेला कोडही ती माणसाकडून ऐकून घेतल्याशिवाय पुढं सोडत नाही. त्यावरून तिला पुण्याहून फोन येऊ लागलेत.

दत्ताच्या टेबलाशेजारी एक लाल प्लास्टिकचं स्टूल आहे. चहावाल्या मामांकडून त्यानं ते कधीतरी वर आणलं आणि परत केलं नाही. मामांनीही मागितलं नाही. कंपनीच्या सामानात त्याची नोंद नाही, म्हणून ते हलवायचा हुकूम झालाय. परवा सामान मोजणारा माणूस आला, तेव्हा त्यावर टीममधला संदीप बसला होता, स्क्रीनकडे पाठ करून.

"हे उचलायचं होतं," सामान मोजणारा म्हणाला.

"उचला की," प्राजक्ता म्हणाली. "ह्याचं सांगून झालं की उचला."

संदीप अजून दुसऱ्याच ओळीवर अडकला होता.