हिरव्या परकराची बिबीजान

शाहू महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. मंगळवार पेठेत लालासाब नालबंदाचं घर विचारलं, तर रांगतं पोरसुद्धा बोट दाखवायचं. बैलाला दोरानं आडवं पाडून खुरांना पत्र्या मारायच्या, टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे, हा त्याचा धंदा. आवाज असा की तो दारात नुसता खाकरला तरी पलीकडच्या गल्लीतलं घोडं कान टवकारायचं. आणि नजर! नजरेचा तर त्याला भारी गर्व. धुळीत उमटलेला खूर बघून हा सांगायचा, "ह्यो उचगावच्या पिराजीचा डावा बैल. मागची पत्री ढिली झालीया." पिराजीला थांबवून बघावं, तर पत्री खरोखरच ढिली. अशा नजरेच्या माणसानं एका संध्याकाळी कोल्हापूरच्या स्टेशनात जे केलं, ते ऐकून पेठेतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले होते.

पण आधी बिबीजानची हकिगत सांगायला हवी, नाहीतर काहीच कळायचं नाही.

लालासाब आणि हुसेनबीला पहिली मुलगी, सलमा. तिच्या पाठीवर तीन मुलगे झाले आणि तिघेही वर्ष-दीड वर्षाच्या आत गेले. चौथा मुलगा झाला तेव्हा हुसेनबीनं मिरजेच्या पिराला नवस बोलला. पोराचे केस पाच वर्षं कापणार नाही, पाचव्या वर्षी उरुसात तुझ्या दारात देईन. आणि तोवर बलेची नजर पडू नये म्हणून त्याला मुलगी करून वाढवीन. नाव ठेवलं मीरासाब, पण ते कुणी उच्चारायचं नाही. घरात, गल्लीत सगळे त्याला बिबीजान म्हणत. नाकात मोती, पाठीवर वेणी, अंगात हिरवा परकर. पेठेला सगळं ठाऊक होतं, पण बोलून कुणी दाखवत नसे. लालासाबनं तर इतकं मनावर घेतलं की पाच वर्षांत चुकूनसुद्धा त्याच्या तोंडून 'मुलगा' हा शब्द निघाला नाही. "बिबीजान जेवली का? बिबीजान निजली का?" दुपारी ऐरणीवर घाव घालतानासुद्धा त्याची हाक चालू असायची. पोर परकर सावरत धावत यायचं आणि बापाच्या काळ्या हातात हात घालून उभं राहायचं.

पाच वर्षं सरली. उरूस आला. लालासाबनं भट्टी तीन दिवस बंद ठेवली, जी ईद सोडली तर कधी बंद नसायची. नेहमीचा टांगेवाला मित्र केरबा म्हणाला, "गाडीबैलानं काय जाताय? पोरास्नी आगगाडी दावा की!" लालासाबला आगगाडीचा मनापासून तिटकारा. ज्याच्या पायात नाल नाही असलं वाहन कसलं वाहन, असं तो म्हणायचा. पण सलमानं रडून घर डोक्यावर घेतलं आणि हुसेनबीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासमोर हट्ट धरला. शेवटी ठरलं. चौघांनी मिळून कुठं गावाला जायचं, असा तो पहिलाच प्रसंग.

जाताना लालासाबनं काय करावं? बायका-पोरांचा डबा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, हे ऐकून त्याच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं बैलाची गाठ मारावी तशी बिबीजानच्या परकराची आणि हुसेनबीच्या डोक्यावरून घेतलेल्या चादरीची गाठ मारून दिली. "सोडायची न्हाय. मिरज येस्तवर हातबी लावायचा न्हाय." डब्यातल्या बायका पदराआड हसल्या. हुसेनबीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाडी रुकडीच्या पुलावर आली, खाली पंचगंगेचं पाणी दिसलं आणि लोखंड असं काही खडखडलं की हसणाऱ्या बायकांनीच कानांवर हात ठेवले. सलमा आणि बिबीजान मात्र खिडकीला नाक लावून किंचाळत होती, आनंदानं. तिकडे पुरुषांच्या डब्यात लालासाब डोळे मिटून बसला होता. उघडले ते थेट मिरजेला.

दर्ग्यात न्हाव्यानं वेणी उतरवली. डोकं तुळतुळीत झालं, त्यावर चंदन फासलं. नाकातला मोती काढला. हिरवा परकर पिराच्या पायाशी गेला. नवा पांढरा सदरा आणि विजार घालून पोर उभं राहिलं तेव्हा हुसेनबी रडली, सलमा हसली आणि लालासाबनं पोराच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगितलं, "बिबीजान गेली आता. हितनं फुडं तू मीरासाब. कळलं?" पोरानं मान हलवली. मग जत्रा, पाळणा, बत्तासे, रेवड्या. सगळ्यांनी पोटभर मजा केली, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं मंडळी परत निघाली.

परतीला गर्दी म्हणजे काय सांगावी! अख्खा उरूस गाडीत शिरला होता. लालासाब पुढच्या डब्यात कसाबसा लोंबकळला. हुसेनबी, सलमा आणि पोर मागच्या बायकांच्या डब्यात. गाठ मारायला आता परकर नव्हता, आणि सदऱ्याचं टोक चादरीला पोचत नव्हतं.

कोल्हापूर आलं. ऊन उतरलं होतं. फलाटावर माणसांचा नुसता लोंढा. हुसेनबीनं पोराला खाली उतरवलं, बोचकी उतरवली, सलमाचा हात धरला. तेवढ्यात पुढच्या डब्यातून बापाचा फेटा दिसला आणि पोर "अब्बा!" म्हणून तिकडे पळालं. हुसेनबीनं पाहिलं. बापाकडंच गेलंय म्हणून ती निवांत बोचक्यावर बसली.

पाचएक मिनिटांनी लालासाब माणसं ढकलत आला, घामानं निथळत. त्यानं सलमाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं.

"बिबीजान कुठं हाय?"

"तुमच्याकडंच आली की पळत!"

"माझ्याकडं? माझ्याकडं न्हाय आली!"

हुसेनबीच्या तोंडचं पाणी पळालं. "जावा की! बघा की!" एवढंच ती म्हणाली. आणि लालासाब वळला, तो एखादा डिवचलेला बैल वळावा तसा.

"बिबीजान! ए बिबीजान!"

तो आवाज स्टेशनच्या पत्र्यावर आपटून परत आला. माणसं थबकली. तीन मुलगे त्यानं स्वतःच्या हातांनी पुरले होते. हा चौथा, पाच वर्षं फुलासारखा जपलेला, कालच पिराच्या पायावर घातलेला, आणि आज गेला? जो समोर येईल त्याला तो धरून हलवू लागला. "पोरगी बघिटली का माझी? हिरवा परकर हाय! पाठीवर वेणी हाय! नाकात मोती हाय!"

हो, हेच शब्द. आता ऐकणाऱ्याला वाटेल, माणूस वेडा झाला होता का? वेडा नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर पाच वर्षांची बिबीजान उभी होती, आणि घाबरलेल्या माणसाला डोळ्यांसमोर जे दिसतं तेच तोंडातून येतं. कालचा एक दिवस त्या पाच वर्षांपुढं टिकला नाही.

स्टेशनमास्तर धावत आले. त्यांनी वर्णन विचारलं, लालासाबनं पुन्हा तेच सांगितलं, वर शपथ घेतली. मास्तरांनी हमालांना पिटाळलं. केरबा टांगा घेऊन त्यांना न्यायला आला होता. तोही चाबूक टाकून आत धावला. त्यानं बिचाऱ्यानं पोराला नव्या रूपात पाहिलंच नव्हतं. "हिरवा परकर! हिरव्या परकराची पोरगी!" केरबा ओरडत सुटला. मग सगळं स्टेशनच हिरवा परकर शोधायला लागलं. कुणी पाण्याच्या टाकीमागं बघितलं, कुणी मालाच्या पोत्यांमागं. कुणीतरी म्हणालं, उरुसात पोरं पळवणारी टोळी आलीय. ते ऐकून लालासाबनं कपाळ बडवून घेतलं. दुसरा कुणी म्हणाला, "रुळावर बघा, डब्याखाली बघा!" आणि दहा-बारा माणसं ओणवी होऊन चाकांमध्ये डोकावू लागली. इंजिन सुटं होऊन पाणी घ्यायला गेलं होतं. ते दुसऱ्या टोकानं येऊन डब्यांना लागलं, सगळी गाडी एकदम हादरली, आणि ओणवलेली माणसं किंचाळत मागं सरली.

या सगळ्या गदारोळात एक मुंडण केलेलं पोर लालासाबच्या मागं मागं होतं. त्यानं दोनदा त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. पहिल्यांदा लालासाबनं नुसता झटका दिला. दुसऱ्यांदा तो खाली बघून खेकसला, "सर की बाजूला! कुणाचा रं तू? जा तुझ्या बापाकडं!" आणि खांद्याला धरून त्यानं पोराला बाजूला ढकललं. पोर दोन पावलं मागं गेलं, आणि गर्दीत दिसेनासं झालं.

धुळीतला खूर ओळखणारा माणूस!

तिकडे हुसेनबी बोचक्यापाशी हात जोडून पिराला विनवत बसली होती. केरबा ओरडत तिच्या समोरून गेला. "हिरवा परकर घातलेली पोरगी कुणी बघिटली का हो!" हुसेनबीनं मान वर केली. आधी तिला उमगलंच नाही. मग ती ताडकन उठली. तोंडावरची चादर मागं पडली तरी तिला भान नव्हतं. परक्या पुरुषांमधून वाट काढत, सलमाला ओढत ती नवऱ्यापाशी गेली आणि त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला गदागदा हलवलं.

"अवं, कंचा परकर? परकर मिरजंत दिला न्हवं का? पोराच्या डोक्यावर क्यास तरी कुठं हाईत? सदरा घातलाय त्येनं, पांढरा सदरा!"

लालासाबनं तिच्याकडं पाहिलं. फलाटावरचा गोंगाट त्याच्या कानांत शिरेनासा झाला. त्याच्या हाताला अजून त्या लहान खांद्याचा स्पर्श होता, ढकलताना झालेला. चंदनाचा वाससुद्धा आला होता. आला होता, आणि त्यानं ओळखला नव्हता. "या अल्ला," तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात लालासाबला बोलताना पेठेत कुणी ऐकलं नव्हतं. "म्या ढकललं की गं त्येला. म्याच. जा तुझ्या बापाकडं म्हनलो."

आयुष्यात कधी न उगारलेला हात हुसेनबीनं उगारला आणि तसाच खाली आणला.

मग तिघंही धावली. आता कुणी ओरडत नव्हतं, ओरडायचा आवाजच उरला नव्हता. सलमानं त्याला पहिल्यांदा पाहिलं. गाडीच्या शेवटच्या डब्यापाशी, फलाटाच्या कडेला, पाय खाली सोडून तो बसला होता. रडत नव्हता. पांढरा सदरा छातीपासून खाली काळाकुट्ट झाला होता, गुडघ्यांना वंगण लागलं होतं, आणि एका कोपरातून रक्त येत होतं. त्या मघाच्या हादऱ्यानंतर कडेला बसलेलं पोर आणि त्याच्या अंगावरचं ते चाकाचं वंगण पाहून लालासाबनं आधी त्याला कडेपासून मागं ओढलं. तो गुडघ्यांवरच त्याच्यापुढं कोसळला.

"कुठं गेलतास रं? चाकात गेलतास? का गेलतास?"

पोरानं बापाकडं पाहिलं. मघाशी ढकलल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट बापानं एकदाचं विचारलं, म्हणून जरा बरंच वाटलं होतं त्याला.

"सगळी हुडकत हुती की," ते म्हणालं. "मी बी हुडकली. पार आत जाऊन बघिटली, त्या टोकापत्तूर. न्हाय तिथं." मग जरा थांबून त्यानं बापाच्या गालावरचं पाणी काळ्या हातानं पुसलं आणि विचारलं, "तुला गावली का, अब्बा? बिबीजान?"

हुसेनबीनं पोराला उराशी असं धरलं की त्याचा श्वास कोंडला. स्टेशनमास्तरांनी काय झालं ते दोनदा विचारलं. केरबानं त्यांना हातानंच थांबवलं.

टांगा निघाला. बाप पोराला मांडीवर घेऊन बसला होता, आणि मंगळवार पेठ येईपर्यंत हळूहळू, जीभ जड झाल्यासारखा, तो एकच नाव घेत होता, "मीरासाब. मीरासाब." पोर काही त्या नावाला ओ देत नव्हतं. बापाच्या खांद्यावरून मान वळवून ते मागं स्टेशनाकडं बघत होतं, कारण एकटी बिबीजान तिथं राहिली होती आणि मोठ्या माणसांनी शोधणं सोडून दिलं होतं.