हृदयातला माळा

बाबा शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक, पण खडूस बोलण्यातून काही निवृत्त झाले नव्हते. "यांच्या जिभेला हाड नाही," आई म्हणायची, आणि त्यातही थोडं कौतुकच असायचं.

त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. पालेभाज्या बेताने खा, म्हणाले. त्या गोळीमुळे बाबांच्या हातांवर जरा कुठे लागलं की काळेनिळे डाग उठायचे. आईला ते बघवेना. यांचं रक्त कमी झालंय, असं परस्पर ठरवून तिने अळूचं फदफदं, मेथी, पालक यांचा सपाटा लावला. मी दिवसभर खराडीच्या ऑफिसात. धायरीच्या घरात काय शिजतंय ते मला कुठलं कळायला!

एका सकाळी बाबांना 'चहा' म्हणता येईना. ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत वाचा परतली, पण आईचा हात त्यांनी सोडला नाही. मला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. ठोके बिघडले की तिच्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की असं होतं. पालेभाज्यांनी गोळीचा जोर मारला होता.

"म्हणजे आमच्या घरचा माळाच," बाबा म्हणाले. "नको ते साठवायचं."

"अगदीच बिनकामाची नाही हो ती. दाब वाढला की जास्तीचं रक्त सामावून घेते."

बाबांनी आईकडे पाहिलं.

पूर्वी बाबांच्या पोटात रक्तस्राव झालेला, त्यामुळे गोळीवर कायमची भिस्त ठेवता येईना. मग मांडीच्या शिरेतून नळी घालून पिशवीचं तोंड एका इवल्याशा झाकणाने बंद केलं. काही महिन्यांनी ती गोळीही थांबली. तरी आई घरात हिरवं पान आणेना. "माझ्याच हातांनी यांची वाचा घालवत होते," म्हणायची. तिच्यासमोर बाबाही जपून, गोडगोड बोलायला लागले. ते तर फारच भयंकर होतं.

शेवटी एके दिवशी बाबाच अळूची जुडी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवली. आईने भीत भीत फदफदं केलं, वाढलं आणि समोर उभी राहिली. बाबांनी एक घास घेतला.

"मीठही डॉक्टरांनी बंद केलंय का?"

आईने पदर डोळ्यांना लावला.

"बोला हो," ती म्हणाली. "अजून बोला."