आर्डिथने ट्रक घेतला

आर्डिथ क्लेम्की माझी शेजारीण. तिचं घर माझ्या घरापासून चार मैलांवर आहे, पण वायोमिंगच्या आमच्या भागात याला भिंतीला भिंत म्हणतात. तिने गेल्या वसंतात ट्रक घेतला. त्यात लिहिण्यासारखं काय, असं विचारणाऱ्याने जनावरांनी भरलेला ट्रेलर मागे लावून एकदा आमची टेकडी उतरून पाहावी आणि मग माझ्याशी बोलावं.

घेण्याआधी तिने तीन ट्रक चालवून पाहिले, आणि तिन्हींत मी तिच्या शेजारी बसले होते. माझ्याकडे दोन कामं होती: फाटकं उघडायची आणि वास घ्यायचा. मी इथल्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. ब्रेक तापू लागले की धूर दिसण्याच्या कितीतरी आधी मला वास येतो. या गुणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी किंमत दिली.

ट्रक कुठल्या कंपन्यांचे होते ते मी लिहिणार नाही. इथे माणसं चर्च बदलतात, नवरे बदलतात, पण ट्रकची कंपनी बदलत नाहीत, आणि मला अजून याच गावात राहायचं आहे. म्हणून लाल, पांढरा आणि करडा. क्लेम्की घराणं तीन पिढ्या लालवालं. करड्या कंपनीचं नाव त्यांच्या घरात जेवताना काढायची सोय नाही.

आर्डिथ मूळची न्हाव्याची मुलगी. गाईचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे तिला लग्नानंतर कळलं, असं तिचा नवरा वेंडल सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पण ती शिकली. कडाक्याच्या थंडीत अडलेल्या कालवडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढणारी ही बाई. अर्धमेली वासरं घरात आणून आंघोळीच्या टबात कोमट पाण्यात धरून बसायची. पाहुणे आले तर म्हणायची, "बाथरूम रिकामी नाही, बाहेर जा." तिला एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे टेकडी.

इथले लोक तिला टेकडी म्हणतात, प्रत्यक्षात ती नऊ हजार फूट उंचीची खिंड आहे. क्लेम्कींचं उन्हाळी कुरण तिच्या पलीकडे. दर वर्षी मेअखेरीस गाई तिकडे न्यायच्या. अलीकडून चढ आणि पलीकडे लांबच लांब उतार. उताराच्या मध्यावर एक पांढरा खडक आहे, तिथे रस्ता अचानक वळतो आणि डावीकडे काहीच नसतं. वीसेक वर्षांपूर्वी तिथेच आर्डिथच्या पायाखालचा ब्रेक तापून निकामी झाला होता. ट्रक डोंगराच्या बाजूच्या चरात घालून तिने स्वतःला, वेंडलला आणि अकरा गाईंना वाचवलं. खाली उतरली आणि म्हणाली, "यापुढे तू चालव." तेव्हापासून टेकडीवर ती कायम चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर.

वेंडल दोन वर्षांपूर्वी गेला. मग गाई न्यायला त्याचा धाकटा भाऊ डेलमार पुढे आला. तो गाई न्यायचा, आणि त्याबरोबर कधी न्यायच्या, कुठल्या विकायच्या, कुरणात आधी कुणाच्या सोडायच्या हेही ठरवायचा. एप्रिलमध्ये आर्डिथच्या स्वयंपाकघरात ॲपल पाय खाता खाता त्याने खरी गोष्ट काढली.

"कुरणाचा भाडेपट्टा माझ्या नावावर करून टाक ना, आर्डिथ. तुझा जुना ट्रकही बसला. कशाला डोक्याला ताप?"

"नवीन ट्रक घेईन."

"घे की. सपाटीवर तू छानच चालवतेस. टेकडीचं वेगळं असतं."

"का रे, टेकडीला मिशा लागतात?"

"मिशा नाही, काळीज लागतं."

आर्डिथने काटा खाली ठेवला. "जूनच्या आत माझ्या गाई मी माझ्या हाताने टेकडीपलीकडे कुरणात नेऊन सोडल्या नाहीत, तर कुरण तुझं. सोडल्या, तर पुन्हा या घरात कुरणाचं नाव काढायचं नाही." आणि हात पुढे केला. डेलमारने तो धरून हलवला. मी तिथेच होते. माझ्या घशात घास अडकला. आमच्याकडे कागदावरची सही मोडता येते, दिलेला हात नाही.

डेलमार गेल्यावर मी म्हटलं, "तुला वेड लागलंय का?"

"लागलंय," ती म्हणाली. "आता ट्रक शोधू या."

आमच्याकडे ट्रक बघायला माणूस नुसतं दुकानात जात नाही. सोमवारी परत आणायच्या बोलीवर ट्रक घरी आणायचा, आपला ट्रेलर लावायचा, त्यात आपली जनावरं भरायची आणि न्यायचा टेकडीवर. शेण लागलं तर धुवून द्यायचं, एवढीच अट. चढाबद्दल आर्डिथला काडीचं कौतुक नव्हतं. "चढायला काय, हल्ली सगळेच चढतात. मला उतरणारा हवा." या मोठ्या डिझेल गाड्यांना एक बटण असतं. ते दाबून ठेवलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन स्वतःचाच श्वास कोंडून धरतं आणि उतारावर गाडीला मागे खेचत राहतं, म्हणजे ब्रेकवर पाय कमी लागतो. हे सगळ्यांना असतं, पण सगळ्यांचं सारखं नसतं. आम्हाला तेच बघायचं होतं.

पहिला लाल. डेलमार न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसला, एका हातात सूर्यफुलाच्या बिया आणि दुसऱ्या हातात टरफलं थुंकायला कागदी पेला. लाल ट्रक चढावर असा सुटला की मागे दहा गाई आहेत हे तो विसरला असावा. डेलमारच्या तोंडाचा पट्टा सुरू. "बघ! याला म्हणतात इंजिन! आमच्या आजोबांनी उगाच नाही निवडलं!"

खिंड ओलांडली. आर्डिथने बटण दाबलं. ट्रक थोडा रेंगाळला आणि पुन्हा धावू लागला. तिने ब्रेकवर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"वास?"

"नाही."

"आता?"

मी नाक वर केलं. "आता येतोय."

खरं तर अगदी किंचित होता, आणखी दोन मैल निघाले असते. पण समोर पांढरा खडक दिसत होता. आर्डिथने रस्ता रुंद होतो तिथे ट्रक बाजूला घेतला. तिचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. मागे गाई हंबरत होत्या.

"सरक," डेलमार म्हणाला. तो दुष्टपणे बोलला नाही, तेच वाईट. "सरक, मी नेतो."

ती सरकली. डेलमारने एका हाताने ट्रक खाली नेला, दुसऱ्या हाताने बिया खात. आर्डिथ खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने शेण लागलेला ट्रक स्वतःच धुवून काढला.

पुढच्या शनिवारी पांढरा. त्यात दिवाणखान्यातल्या टीव्हीएवढा पडदा, सीट गरम करणारं बटण, सीट गार करणारं बटण, पाठ रगडणारं बटण. डेलमारने सगळी दाबून पाहिली. जरा कुठे रेषेला चाक लागलं की ट्रक ठणाणा करायचा, मागे वासरू हललं तरी ठणाणा. उतारावर त्याने गाडी धरली, हे मान्य. पण सारखे गिअर बदलत धरली. एक हिसका, मग मोकळी, पुन्हा हिसका. मागे जनावरं एकमेकांवर आदळत होती. तरी आर्डिथ या वेळी पांढऱ्या खडकापाशी थांबली नाही. ओठ चावत, ब्रेक दाबत वळण घेतलं तिने! मी तिच्या दंडावर चापट मारली.

"हाच घे," मी म्हटलं.

"नको. फार बोलतो हा. एका बोलणाऱ्याबरोबर चाळीस वर्षं काढलीत मी."

"मग राहिला कोण?"

मागून डेलमार म्हणाला, "राहिलाय तो बघायचासुद्धा नाही."

झालं! ती दुसऱ्याच दिवशी करडा बघायला गेली.

करडे ट्रक विकणारा टेबी पूर्वी शाळेत कुस्तीचा कोच होता. अजून सगळे त्याला कोचच म्हणतात. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "न्या, मॅम. क्लेम्कींच्या अंगणात आमचा ट्रक उभा राहिलेला बघायला मी पैसे देईन."

डेलमार फाटकापाशी उभा होता. "मी यात बसणार नाही."

"नको बसूस," आर्डिथ म्हणाली.

"कुणी पाहिलं तर?"

"टोपी ओढून घे तोंडावर."

बसला! टोपी नाकापर्यंत ओढून, सीटवर घसरून, शाळा बुडवलेल्या मुलासारखा. गावातून जाताना मी मुद्दाम खिडकी खाली केली आणि दिसेल त्याला हात केला.

चढावर करडा इतरांसारखाच चढला. डेलमार टोपीखालून म्हणाला, "जड वाटतोय." वर कडेला अजून बर्फाचे ढिगारे होते. खिंडीच्या पाटीपाशी आर्डिथने बटण दाबलं आणि पाय उचलला.

ट्रक दबक्या आवाजात गुरगुरला. आणि त्याने धरलं! हिसका नाही, घसरण नाही. वासराच्या मानेखाली हात घालून आर्डिथ धरते ना, तसं. वेगाचा काटा जिथे होता तिथेच. एक वळण गेलं. दुसरं गेलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हताच, तो खाली मॅटवर ठेवलेला होता. मी वाकून पाहिला.

"वास?" तिने विचारलं.

"नाही."

"नीट घे!"

"अगं घेतेय! तुझ्या जाकिटाला शेणाचा येतोय, डेलमारला बियांचा येतोय, ब्रेकचा नाही!"

पांढरा खडक आला. मी डोळे मिटणार होते, पण तिच्याकडेच बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले, हात सैल. वळणाआधी तिने एकदाच, अगदी हलकेच ब्रेकला पाय लावला, कुणाच्या दारावर टकटक करावी तसा. ट्रक वळला, मागचा ट्रेलर वळला, डावीकडची दरी आली आणि मागे गेली.

मग तिने हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. उतार संपेपर्यंत हॉर्न! मी ओरडत होते, ती ओरडत होती, मागे दहा गाई ओरडत होत्या. एक पोरसवदा हरीण रस्त्याकडेला उभं राहून आमच्याकडे बघतच राहिलं.

"हाच!" आर्डिथ किंचाळली. "हाच, हाच, हाच!"

मी वळून पाहिलं तर डेलमारची टोपी डोक्यावर सरळ बसली होती आणि तो पुढे वाकून काटे बघत होता.

परत येऊन गाई उतरवल्या. आमचे ट्रेलर हंसासारख्या मानेचे असतात. ती मान ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून आत येते आणि हौद्याच्या मधोमध असलेल्या लोखंडी गोळ्यावर बसते. सोडवताना मान वर उचलायची, फाळका खाली पाडायचा आणि मगच ट्रक पुढे काढायचा. फाळका पाडायला विसरलं की मान तिथे अडकते आणि फाळक्याची घडी होते. हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं. वेंडलच्या हातून तीनदा झालं होतं. झालं नव्हतं ते फक्त डेलमारच्या हातून, आणि हे तो दर नाताळात सांगायचा.

आर्डिथने मान वर उचलली. फाळक्याला हात घालणार, तेवढ्यात डेलमार म्हणाला, "थांब, मी काढतो पुढे. जरा बघतो तरी, रिकामा कसा पळतो."

त्याचे डोळे चमकत होते. तो पन्नास वर्षं ज्याला शिव्या देत आला, तो ट्रक त्याला चालवायचा होता! त्याने उडी मारून दार ओढलं. "फाळ–" मी एवढंच म्हणू शकले.

असा आवाज झाला की कुंपणावरचे सगळे पक्षी उडाले.

डेलमार खाली उतरला, मागे आला, बघितलं. नव्या कोऱ्या फाळक्याच्या मधोमध मोठा खड्डा. आर्डिथने कमरेवर हात ठेवले.

"वेंडल असता ना," ती म्हणाली, "तर आज रडला असता आनंदाने."

मला हसू आवरेना. मी ट्रेलरच्या मागे जाऊन हसले, मग लाज सोडून पुढे येऊन हसले. आमच्याकडचा रिवाज साधा आहे: दुकानाच्या ट्रकचा फाळका ज्याने वाकवला, त्याने ट्रक घ्यायचा. डेलमारला तो माहीत होता. करडा ट्रक चालवत गावातून जाताना आपण कसे दिसू, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"आर्डिथ," तो म्हणाला, "तू घेणारच आहेस ना हा? मग घे. नवा फाळका मी बसवून देतो. आणि ते कुरणाचं... सोड. हात दिला होता ते विसरू."

"मी नाही विसरणार."

"अगं, मी सोडतोय!"

"तू कोण सोडणार? कुरण मी टेकडी उतरून घेणार. फाळक्याच्या बदल्यात नको मला." मग फाळक्यावर हात ठेवून, "आणि नवा बसवायचा नाही. हाच राहू दे. तू मला काही शिकवायला आलास की मी नुसती मागे बघीन."

कोचने फाळका पाहिला, डेलमारकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे बघायला मी ट्रक फुकट दिला असता, मॅम." फुकट अर्थातच दिला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वच्छ ऊन होतं. आर्डिथने स्वतः गाई भरल्या, स्वतः फाटक लावलं, आणि मला म्हणाली, "तू आज घरी बस."

"का? वास कोण घेणार?"

"वास येणार नाही. आणि मला एकटीने उतरायचंय."

मला राग आला. मी तसं सांगितलंही. मग माझ्या गाडीतून पलीकडे जाऊन, कुरणाच्या फाटकाशी थर्मासमधली कॉफी पीत बसले. आर्डिथ आणि डेलमार आपापल्या गाई घेऊन सकाळी एकाच वेळी निघाली होती. वरच्या वळणावर आधी करडा ठिपका दिसला. तो मोठा होत गेला, न घाबरता, न धावता. खूप मागे डेलमारचा लाल ट्रक होता, आणि तो रुंद जागी ब्रेक थंड करायला थांबला होता.

आर्डिथ आली, फाटक उघडलं, गाई सोडल्या. गाई गवतात शिरल्या आणि तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती खिळ्यासारखी सरळ उभी होती. "पायाने ब्रेक दोनदा लावला," ती मला म्हणाली. "एकदा खडकापाशी. एकदा उगाच, हौस म्हणून."

बऱ्याच वेळाने डेलमार पोचला. गेली दोन वर्षं तो येताक्षणी ट्रेलर उघडून मोकळा व्हायचा. आज उतरला, वाकलेल्या फाळक्याला वळसा घालून आला आणि टोपी काढून फाटकाबाहेरच उभा राहिला.

"आर्डिथ," तो म्हणाला, "माझ्या कुठे सोडू?"

आर्डिथने सावकाश सगळं कुरण न्याहाळलं. "ओढ्याच्या वरच्या अंगाला," ती म्हणाली. "आणि फाळका आधी पाड."