पाटीवर भरतकाम, कागदावर पैठणी

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात मी जुन्या कपड्यांची डागडुजी करते. बाहेर पत्र्याला हात लागला तर भाजतो आणि आत मी स्वेटर घालून बसते. प्रदर्शनात मांडायच्या आधी कपडा माझ्याकडे येतो. त्या आठवड्यात आला तो १९५०च्या दशकातला पॅरिसचा गाऊन, कुणा श्रीमंत बाईच्या मापाने हाताने शिवलेला. कमरेत श्वास कोंडेल इतका घट्ट, खाली घेरदार, आणि डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेला लांब पट्टा.

आमच्या क्युरेटर मॅडमनी गाऊनशेजारी लावायच्या पाटीचा मजकूर आधीच लिहून टाकला होता. ग्रीक देवीच्या वस्त्रांवरून सुचलेली रचना, पॅरिसच्या कारागिरांचं भरतकाम, काल्पनिक पक्षी. म्हणे ग्रीक देवी! डाव्या खांद्यावर पदर टाकून आमच्या शेजारच्या काकू रोज भाजी आणायला जायच्या, त्यांना कधी कोणी देवी म्हटलं नाही.

माझं काम घेराचं सुटलेलं अस्तर टाचण्यापुरतं होतं. अस्तर उचललं आणि सवयीने कापड उलटून पाहिलं. पैठणी आमच्याकडे अशीच पारखतात. माझ्या लग्नाची घेताना आईने दुकानदाराचं बोलणं कानाआड करून सरळ पदर उलटा केला होता. भरतकाम असेल तर मागे गाठी आणि दोऱ्यांचं जंजाळ दिसतं. पैठणीची नक्षी मागावरच विणलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तीच. इथे मागेही तोच मोर, तोच हिरवा पोपट, आणि सगळे खाली डोकं वर पाय! शिवणाऱ्यांनी पैठणीचा पदर कापून घेराला उलटा लावला होता. आधी मला हसू आलं, मग डोकं फिरलं. कुणीतरी महिनोन् महिने मागावर बसून विणायचं आणि कौतुक दुसऱ्याच्या सुईचं व्हायचं, हे मला सहन होईना.

मॅडमना बोलावून दाखवलं.

“ब्यूटिफुल है, पर लेबल प्रिंट हो गया. खलास,” त्या म्हणाल्या. “तुम रिपोर्ट में भी एम्ब्रॉयडरी लिख दो. दोनों मॅच होने चाहिए.”

रिपोर्ट म्हणजे कपडा कशाचा, कुठे विरला, कुठे डागाळला याचा कागद. तो कपड्याबरोबर पेटीत कायम राहतो. डागडुजी करणारीची त्यावर सही नसेल तर विमा कंपनी कपडा मांडू देत नाही.

“लेबल आपका है, मॅडम. रिपोर्ट पे साइन मेरा है. झूठ नहीं लिखूँगी.”

“फिर अगला प्रोजेक्ट भूल जाओ.”

संध्याकाळी सिलिकॉन ओएसिसला घरी पोचल्यावर मुलीला सांगितलं. ती बारावीत आहे.

“आई, जस्ट साइन इट. हू विल इव्हन नो?”

“मला कळलंय ना? मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी अकराला विमा कंपनीचा माणूस रिपोर्ट घ्यायला येणार होता. साडेदहाला मी शाईच्या पेनाने कागद भरला. विणकाम आहे, भरतकाम नाही. कापड पैठणी, साडी कापून वापरलेली. मोर आणि पोपट, उलटे लावलेले. शिवण पॅरिसची, तिचंही श्रेय मी कमी केलं नाही, कारण ती खरंच सुरेख होती. पैठणी कुठल्या गावची ते मला सांगता येत नव्हतं, म्हणून तेही लिहिलं: गाव माहीत नाही. मग पूर्ण नावाने सही ठोकली.

मॅडमनी वाचलं, घड्याळ पाहिलं. दुसऱ्या कुणाची सही मिळवायला वेळच नव्हता.

“यल्ला, चलो, दे दो,” त्या म्हणाल्या. आवाज बर्फासारखा.

पाटी मात्र होती तशीच लागली. लोक ती वाचून माना डोलवायचे आणि माझा नुसता संताप व्हायचा. मग प्रदर्शन संपलं, पाटी कचऱ्यात गेली, गाऊन पेटीत घालून मालकाकडे रवाना झाला. सगळ्यात वर माझा कागद मी स्वतःच्या हाताने ठेवला.

पुढचं काम मला मिळालं नाही. नाही तर नाही. ती पेटी आता जगात कुठेही उघडली, तरी गाऊनला हात लावण्याआधी माझा कागद उचलावा लागेल.